पाठमोऱ्या सासऱ्यांशी डच

"पुढचं घ्या, मॅडम," हे तिचं पालुपद. खुर्ची दिली तरी ती काठावरच टेकायची, पर्स खांद्याला तशीच, नजर घड्याळावर. पालमहून एसटीने परभणीला यायचं, माझ्याकडे तासभर डच शिकायचं आणि परतीची गाडी गाठायची. एका जागी न टिकणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण हिला शिकवताना दम मला लागायचा.

नवरा कृषी विद्यापीठात शिकून हॉलंडला गेला, फुलशेतीत नोकरीला लागला आणि तिथलाच नागरिक झाला. बायकोला न्यायचं तर तिने आधी इथे डचची परीक्षा द्यायची, असा तिकडचा नियम. मी काही वर्षं तिकडे राहून आलेली, म्हणून ती माझ्याकडे. घरी ती आणि सासरे, दोघंच.

"नापास झाली की पोरगं वापस येतंय," असं सासऱ्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं. तिने शिकायला सुरुवात केली आणि त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. वाढलं की जेवायचे, मग भिंतीकडे तोंड करून बसायचे.

पहिल्या खेपेला ती बोलण्यात नापास झाली. मुंबईहून परीक्षा देऊन परत आल्यावर ती प्रथमच खुर्चीत नीट टेकून बसली, तेव्हा मी घाबरले.

"मशीन हूं म्हणत न्हाई, मॅडम," ती म्हणाली. "मी एक शब्द बोलले अन् थांबले. ते गप. वाटलं, आपलंच काईतरी चुकलं."

त्या परीक्षेत प्रश्न संगणक विचारतो आणि उत्तर माईकला द्यायचं असतं. आता तुम्हीच सांगा, समोरच्याने हूं म्हटल्याशिवाय आपल्याकडे गोष्ट पुढे सरकते का? फोनवर कुणी क्षणभर गप्प झालं तरी आपण हॅलो हॅलो करून घर डोक्यावर घेतो.

"मग हूं न म्हणणारा माणूस शोध आणि त्याच्याशी बोल," मी वैतागून म्हणाले.

"हाय की एक घरात!"

तेव्हापासून रोज संध्याकाळी ती सासऱ्यांच्या पाठीला डच ऐकवू लागली. इथे आली की बातमी द्यायची. "काल सफरचंदं मागितली त्यांना. दिली न्हाईत." "डॉक्टरची वेळ मागितली. हललेबी न्हाईत." मी हसून बेजार व्हायची. एकदा मात्र खोलीत येरझारा घालता घालता म्हणाली, "पास झाले तर त्यांना जेवाया कोण वाढंल?" मी तोंड उघडण्याआधीच पुढे, "पुढचं घ्या, मॅडम."

ती पास झाली. पेढे द्यायला आली तीही दारातल्या दारात, आणि गेली. मला रागच आला. एवढी शिकवली, घडीभर बसली असती तर काय बिघडलं असतं?

ती हॉलंडला गेल्यावर काही दिवसांनी एक म्हातारे गृहस्थ दारात उभे. "मी पालमचा. तिचा सासरा." पाणी प्यायले. मग म्हणाले, "फोन करती ती. मराठीत बोलती. पर मॅडम, रोज सांजच्याला ती मला काय बोलायली होती?"

मी सांगितलं: सफरचंदं, डॉक्टर, आजची हवा. त्यांचा चेहरा उतरला. मला फार वाईट वाटलं. मग एक गोष्ट आठवली.

"एक प्रश्न असायचा, तुमच्या घरी कोण कोण असतं? ती म्हणायची, मी आणि माझे वडील. सासऱ्यांना डचमध्ये वेगळा शब्द आहे. मी दर वेळी चूक काढायची. तिने शेवटपर्यंत सुधारली नाही."



"चूक हाय म्हणता," उपरण्याने डोळे पुसत ते म्हणाले, "मंग पास कामून केली तिला?"