रिकाम्या रेडिओची पाठ

माझ्या साडूंना गल्लीत सगळे व्हॉल्व्ह म्हणतात. जुने व्हॉल्व्हचे रेडिओ बटण फिरवल्याबरोबर बोलत नसत. आधी आत दिवे तापायचे, मग कुठून तरी लांबून घरघर यायची आणि मग माणसाचा आवाज. साडूंचंही तसंच आहे. "चहा घेणार का?" विचारलं तर चहा गार होता होता उत्तर येतं. जन्मभर त्यांनी रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवलं आणि आजार कळल्याशिवाय एकही सेट परत दिला नाही. सेट वाजायला लागला, गिऱ्हाईक खूश झालं, तरी हे आपले पुटपुटत बसायचे, "बरा झाला खरा, पण बिघडला कशाने?"

एका रेडिओने मात्र त्यांना दाद दिली नाही.

तो त्यांना भंगारवाल्याच्या आवारात सापडला. समोरून अगदी राजबिंडा. चकाकणारं लाकूड, सोनेरी कापडाची जाळी, काचेमागे ओळीने लिहिलेली स्टेशनांची नावं. दोन्ही हातांनी जोर लावून उचलायला गेले तर तोल जाऊन मागेच पडणार होते, इतका तो हलका. पाठीमागे प्लायवूडची एक ओबडधोबड फळी होती. स्क्रू काढून पाहिलं तर आत काही म्हणजे काही नाही. कुणी आतलं सामान काढून घेतलं असतं तर भोकं दिसली असती, तारेचा एखादा तुकडा लोंबत असता. इथे कधी काही नव्हतंच. बटणं म्हणजे बाटल्यांची रंगवलेली झाकणं. स्टेशनांची नावं तर कुठल्याच भाषेतली नव्हती, लांबून अक्षरं वाटतील अशा नुसत्या रेघोट्या.

"दादा," ते मला म्हणाले, "जो कधी वाजणारच नाही असा रेडिओ कुणी कशाला बनवेल?"

"दुकानाच्या काचेत ठेवायला असेल," मी म्हणालो.

"मग कंपनीचं नाव खरं असतं. यावर लिहिलंय त्या नावाची कंपनीच नव्हती."

रेडिओच्या कंपन्यांवरून त्यांच्याशी वाद घालायचा नाही, एवढं मला कळतं.

रेडिओ त्यांच्या घरी कपाटावर जाऊन बसला. पण रेडिओने गप्प बसावं हे त्यांना बघवेना. शेवटी त्यांनी ती जुनी फळी काढली, आत एक चालू सेट बसवला आणि पाठीला हवेसाठी भोकं पाडलेली नवी, गुळगुळीत फळी लावली. रेडिओ बोलू लागला. माझी मेहुणी म्हणाली, "चला, मुक्याला वाचा फुटली." प्रश्न मात्र होता तिथेच राहिला. कधीही त्यांच्याकडे गेलो की बातम्या चालू असायच्या आणि साडू रेडिओकडे संशयाने बघत असायचे.

यंदा त्यांनी दुकान बंद केलं आणि दोघांनी मुलाकडे राहायला जायचं ठरलं. मुलाचं घर लहान. काय न्यायचं आणि काय भंगारात द्यायचं हे मेहुणी ठरवत होती, आणि कपाटावरच्या रेडिओपाशी येऊन ती थांबली.

"हा येणार नाही."

"वाजतो चांगला," साडू बऱ्याच वेळाने म्हणाले.

"वाजणारे घरात आणखी तीन आहेत. याचं कूळ ना मूळ! काय आहे हे तुम्हाला तरी माहीत आहे का? माहीत असेल तर सांगा, नेऊ. नाहीतर भंगारवाला येतोच आहे."

भाऊजी म्हणून मला मध्ये बोलता आलं असतं, पण मी चहाच्या कपात बघत राहिलो. साडूंना वाईट वाटलं ते रेडिओ जाणार म्हणून नव्हे. तो न कळता जाणार, हे त्यांना सहन होत नव्हतं.

मग आम्ही दोघं त्यांच्या सुनेने दिलेला जुना मोबाईल घेऊन शोधायला बसलो. त्यांनी एका बोटाने लिहिलं, "आतून रिकामा रेडिओ". इंटरनेटने आम्हाला दुरुस्तीची दुकानं दाखवली. त्यांत पहिलं दुकान साडूंचंच होतं.

"बंद झालंय म्हणून कळवा त्यांना," मी म्हणालो.

"राहू दे," ते म्हणाले. "दिसतंय तोवर दिसू दे."

रेडिओचा समोरून काढलेला फोटो टाकून शोधलं तर जुन्या रेडिओंचा बाजारच उघडला. शेवटी मीच भीत भीत म्हणालो, "रेडिओ सोडा. खोट्या वस्तू कोण बनवतं, असं विचारून बघा ना." तसं विचारलं आणि एक चित्र आलं. पुस्तकांनी भरलेलं कपाट, पण पुस्तकांना फक्त पाठीच. कपाट बाजूने बघितलं तर चार बोटंही खोल नव्हतं. साडू खुर्चीत पुढे सरकले.

सिनेमात वापरलेल्या वस्तू जमवणाऱ्या लोकांचा तो गट होता. असं काही असतं हे आम्हा दोघांच्या गावीही नव्हतं. एका दंतवैद्याकडे फोनच फोन होते, एकाचीही तार कुठे जात नव्हती. एका बस कंडक्टरने एवढा मोठा दगड एका बोटावर तोलून फोटो काढला होता, दगड फोमचा. एक शिक्षिका रबरी कुऱ्हाड घेऊन नवऱ्याशेजारी हसत उभी होती. आम्ही बघत गेलो, बघतच गेलो. मेहुणीने दोनदा जेवायला हाक मारली, तिसऱ्यांदा मारली नाही.

साडूंनी धीर करून रेडिओचा फोटो टाकला. उत्तर दिलं ते गटात सगळे ज्यांना भांडारताई म्हणतात त्या बाईंनी. पूर्वी त्या एका स्टुडिओचं सामानाचं भांडार सांभाळत. त्यांनी लिहिलं, "नमस्कार. आमच्याकडे आधी पाठ दाखवायची पद्धत आहे. तोंड कॅमेऱ्यासाठी रंगवलेलं असतं. वस्तू कुठून आली ते पाठ सांगते."

साडूंनी मोठ्या हौसेने पाठीचा फोटो टाकला. नवी फळी, सारख्या अंतरावरची भोकं, चकचकीत स्क्रू.

थोड्या वेळाने उत्तर आलं. "काम सुंदर आहे. पण ही पाठ तुमची आहे, त्याची नाही. त्याची कुठे आहे?"

साडूंचा चेहरा उतरला. बिघडलेलं दुरुस्त करायचं, जुनं काढून नवं घालायचं, हाच त्यांचा धर्म. वस्तूचं काय बिघडलं होतं हे न विचारता त्यांनी आयुष्यात एकदाच दुरुस्ती केली होती, ती नेमकी इथे. माळा पालथा घातला, दुकानातून आणलेली खोकी उपसली. फळी नाही.

"काय शोधताय?" मेहुणीने विचारलं.

"या रेडिओची जुनी फळी."

"ती होय? ती माझ्या ओट्यावर आहे की. गरम पातेलं ठेवते मी तिच्यावर. किती वर्षं झाली!"

फळी आली. वरच्या बाजूला पातेल्यांच्या बुडाची काळी वर्तुळं, एकात एक गुंतलेली. उलट बाजूला तेलकट थर आणि त्याखाली फिकट हिरवा रंग, कडेला तपकिरी पट्टा. साडूंचा हात सवयीने पॉलिशपेपरकडे गेला. मी त्यांचा हात धरला. एरवी माझ्याने असं काही होत नाही.

फोटो गेला. वर्तुळांवरून गटात बरीच चर्चा झाली. कुणी म्हणे ही आगीच्या प्रसंगाची खूण, कुणी म्हणे रसायन सांडलं असावं. साडूंनी शेवटी प्रामाणिकपणे लिहिलं, "ती आमच्या घरच्या पातेल्याची आहेत." त्यावर सगळे इतके हसले की त्या दिवसापासून ते गटातलेच झाले.

भांडारताईंनी मात्र हिरवा रंग धरला होता. सिनेमाच्या सेटवरचे सुतार नवी फळी क्वचितच कापत, असं त्या म्हणाल्या. आधीच्या सिनेमाची भिंत मोडायची आणि तिच्यातून पुढच्या सिनेमाच्या वस्तूंच्या पाठी करायच्या. खाली तपकिरी पट्टा असलेली हिरवी भिंत त्यांना आठवत होती, एका सिनेमातल्या दवाखान्याची. कंडक्टरने तो सिनेमा शोधून चित्र थांबवून पाठवलं. परिचारिका धावते आहे आणि तिच्यामागे तीच भिंत. मग त्याच स्टुडिओत पुढे कोणता सिनेमा झाला, त्यात रेडिओ कुठे आहे, याचा सगळ्यांनी शोध चालवला. दंतवैद्याला तो सापडला. डावीकडच्या बटणाजवळ लाकडात डोळ्यासारखी एक गाठ आहे. पडद्यावरच्या रेडिओलाही तिथेच तशीच गाठ होती.

प्रसंग असा होता. रागावलेला नायक रेडिओ एका हाताने डोक्यावर उचलतो, आपटणार इतक्यात थांबतो आणि हळूच खाली ठेवतो.

साडूंनी तो प्रसंग किती वेळा पाहिला कोण जाणे. शेवटी म्हणाले, "एका हाताने उचलायचा होता. म्हणून रिकामा."

"आणि आपटला नाही म्हणून उरला," मी म्हणालो.

मेहुणी हात पुसत मागे येऊन उभी राहिली होती. "थांबा, थांबा. हा सिनेमा मी पाहिलाय! ताईबरोबर." मग तिने कमरेवर हात ठेवले. "म्हणजे त्याने जो उचलला तो हा? हा रिकामा? अहो, लग्न झाल्यापासून मी तुम्हाला त्याचं नाव घेऊन बोलतेय, की तुम्हाला एक ट्रंक हलवत नाही आणि तो बघा!"

साडूंना उत्तर सुचायला नेहमीसारखा वेळ लागला. "मी आतापर्यंत उचलले ते सगळे भरलेले होते," ते म्हणाले.

इतकी हसलेली मेहुणी मी तिच्या लग्नातही पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी साडूंनी रेडिओ टेबलावर घेतला आणि आत बसवलेला सेट काढायला लागले. चालू सेट त्यांनी स्वतःच्या हाताने गप्प केलेला मी पहिल्यांदाच बघत होतो. गटातल्या कुणी तसं सांगितलं नव्हतं. "ज्याचं त्याने ठरवावं," एवढंच भांडारताईंनी लिहिलं होतं.

"अहो, वाजू दे की," मेहुणी म्हणाली.

ते एकेक तार सोडवत राहिले. शेवटचा स्क्रू हातात आल्यावर म्हणाले, "तो वाजायला केलेलाच नव्हता. उचलायला केला होता. मला ते माहीत नव्हतं, म्हणून मी त्याला वाजवलं." मग वर्तुळांची ती फळी त्यांनी जुन्या भोकांवर बसवली. चारही स्क्रू जागच्या जागी बसले.

भंगारवाला आला तेव्हा मी तिथेच होतो. कपाट गेलं, दोन खुर्च्या गेल्या, दुकानाची पाटी साडूंनी स्वतः उचलून दिली. मग त्याने रेडिओला हात घातला, तो उचलला आणि चकित होऊन हलवून बघायला लागला.

"यात तर काहीच नाही!"

"तो ठेवा खाली," मेहुणी म्हणाली. "त्याची चौकशी झाली आहे."