परबांची हरकत

आधी कबूल करा, मध्येच हसणार नाही. नाही जमणार? मग हसा बापडे! अख्खं घोडपदेव हसलंय, त्यात तुमची भर.

तर आमच्या चाळीच्या खाली पालिकेची अभ्यासिका आहे. चार पंखे, त्यातला एक फिरतो. पण शांतता! आमच्या शेजारची प्रज्ञा कांबळे तिथे बसून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. घरी दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं, टीव्ही, मिक्सर आणि आजोबांचा खोकला. पोरीने अभ्यास करायचा कुठे? माझ्या डोक्यावर?

आणि एक दिवस दारावर नोटीस! अभ्यासिका बंद करून तिथे पालिकेचं मोडकं फर्निचर ठेवायचा निर्णय झालाय, कुणाची हरकत असेल तर सात दिवसांत नोंदवावी. म्हणजे मोडक्या खुर्च्यांसाठी शिकणाऱ्या पोरांना उठवायचं? माझं टाळकंच सटकलं.

चाळीची मीटिंग झाली. मी उठून म्हणालो, "चाळीच्या वतीने हरकत मी नोंदवणार!"

टाळ्या नाहीत, काही नाही. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कारण गेल्या महिन्यात मी पाण्याची तक्रार घेऊन वॉर्ड ऑफिसात गेलो होतो. तक्रार टेबलावरच राहिली आणि मला वॉचमनने गेटपर्यंत पोचवलं.

"भावजी, जा तुम्ही," प्रज्ञाची आई हात जोडून म्हणाली, "पण भांडू नका. पोरीच्या परीक्षेचा प्रश्न आहे."

घरी बायकोने तर शिकवणीच घेतली. आम्ही दोघं मालवणकडचे, त्यामुळे शिकवणीही मालवणीत. "थंयसर कोणी कायव बोललो तरी एकच म्हणायचा, 'हरकत नाही'. म्हणा बघूया!"

"हरकत नाही."

"दात कित्याक खातास? हसान म्हणा!"

सहा दिवस मी हरकत लिहीत होतो. तीन पानं! वाचून दगडाला घाम फुटला असता. सातव्या दिवशी, शेवटच्या दिवशी, साडेचारला वॉर्ड ऑफिसच्या खिडकीपाशी हजर.

"साहेब मीटिंगला गेलेत. थांबावं लागेल," क्लार्क म्हणाला.

"हरकत नाही."

"बसायला काही नाही हां."

"हरकत नाही." आतून नुसता उकळत होतो, पण ओठ कानापर्यंत ताणलेले. गाल दुखायला लागले हो!

पाचला दहा कमी असताना क्लार्कने न वाचताच अर्ज उलटूनपालटून पाहिला. "दोन प्रती लागतात काका. झेरॉक्स कुठाय?"

खाली धावलो, तर झेरॉक्सवाल्याचं मशीन बंद. घामाघूम होऊन परत वर. क्लार्कला माझी दया आली असावी. "असू दे. शेवटचा दिवस आहे. तुमचं म्हणणं मी रजिस्टरमध्ये एका ओळीत घेतो. चालेल?"

आता इतका चांगला माणूस! मी गहिवरलो. "अहो, अजिबात हरकत नाही!"

त्याने मान वर केली. "नक्की?"

"शंभर टक्के!"

"अख्ख्या चाळीच्या वतीने?"

"चाळीतल्या पोराटोरांसकट!"

"मग इथे सही करा." केली! टेचात केली, खाली दोन रेघा मारून केली. वाचायचं कशाला? माणूस चांगला होता ना!

त्या संध्याकाळी माझा रुबाब विचारू नका. आवाज न चढवता सरकार हलवून आलोय, असं मी प्रत्येक मजल्यावर थांबून सांगितलं.

मग सुनावणीचा दिवस आला. सगळी चाळ वॉर्ड ऑफिसात. मी पहिल्या खुर्चीत. साहेबांनी रजिस्टर उघडलं. "या निर्णयावर दोन नोंदी आहेत. पहिली, श्री. दिगंबर परब, संपूर्ण चाळीच्या वतीने: अजिबात हरकत नाही."

मागे कुणीतरी "आई गं!" म्हणालं. ती माझी बायको.

मी ताडकन उठलो. "साहेब, माझी हरकत आहे! मी हरकत नाही म्हणालो, पण ते हरकतीला नाही म्हणालो! ते एका ओळीत लिहिण्याला म्हणालो!"

"सही तुमचीच ना?"

"माझीच!"

"मग आता बदल नाही. मुदत संपली."

प्रज्ञाच्या आईकडे बघायची माझी हिंमत होईना. तिने हात जोडून सांगितलं होतं मला.

तेवढ्यात साहेब म्हणाले, "दुसरी नोंद, कुमारी प्रज्ञा कांबळे. हरकत आहे." पठ्ठीने पहिल्याच दिवशी देऊन टाकली होती. दोन प्रतींत! उभी राहिली, कागदसुद्धा घेतला नाही हातात. म्हणाली, "साहेब, मोडक्या खुर्च्यांना परीक्षा नसते. आम्हाला आहे." पुढे दहा मिनिटं बोलली, पण साहेब त्या वाक्यालाच गार झाले होते.

बाहेर आल्यावर मी तिला धरलं. "प्रज्ञे, मला सांगायचं नाही होय गं?"

"काका, तुम्ही भांडाल म्हणून मी आपला वेगळा अर्ज दिला. तुम्ही गोड बोलून घोळ घालाल, असं वाटलंच नाही."

अभ्यासिका वाचली! निकालाचा कागद आला, पोरांनी दारावर डकवला. आणि त्यात ठळक लिहिलेलं: श्री. परब यांनी अभ्यासिका बंद करण्यास संमती दिली होती, ती विचारात घेण्यात येत नाही. आता जाता येता पोरं मला वाकून नमस्कार करतात, मेली!

मी काय गप्प बसणारा आहे? थेट वकील गाठला. "अपील करायचंय! वॉर्ड ऑफिसात द्यायला तीस दिवस आहेत. माझं नाव साफ झालंच पाहिजे!"

वकिलाने कागद दोनदा वाचला. "करता येईल. पण अपील एका ओळीविरुद्ध नसतं, परबसाहेब. अख्ख्या निर्णयाविरुद्ध असतं. म्हणजे तुम्हाला मागावं लागेल, अभ्यासिका बंदच करा."

काल तिसावा दिवस होता. दुपारभर मी घरात येरझाऱ्या घालत होतो. खाली प्रज्ञा वाचत बसली होती. पाच वाजले, मुदत संपली, आणि सरकारदरबारी मी तिच्या अभ्यासिकेचा एकमेव शत्रू ठरलो तो ठरलोच. ठरू दे! पण खरं सांगू? या सगळ्या लढाईत त्या अभ्यासिकेसाठी माझ्या हातून एकच काम धड झालं. काल मी वॉर्ड ऑफिसात गेलो नाही.