भिंगताईने निवडलेल्या टोप्या

श्रवणयंत्रांच्या त्या कारखान्यात तिला नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. बावीस वर्षं ती भिंगाखाली नखाएवढी सर्किटं तपासत बसली होती आणि इतरांच्या नजरेतून सुटलेली खोट तिला हमखास दिसायची, म्हणून ती झाली भिंगताई. मॅनेजरसुद्धा तसंच म्हणायचे. तिलाही ते आवडायचं. आपल्या कामाबद्दल उगाच संकोच करणारी ती बाई नव्हतीच. "मी पास केलं म्हणजे पास," असं ती सरळ म्हणायची आणि बावीस वर्षांत तिला खोटं पाडायची संधी तिने फारशी कुणाला दिली नव्हती.

क्लीनरूममध्ये जायचं म्हणजे आधी पांढरा झगा, टोपी, मास्क, बुटांवर पिशव्या. मग मनगटाला पट्टा. त्याची तार टेबलातून अर्थिंगला जोडलेली, म्हणजे अंगात साठलेली स्टॅटिक वीज निमूटपणे जमिनीत जाते आणि चिपला झटका बसत नाही. आणि शेवटी अंगठा नि दोन बोटांवर रबराच्या छोट्या टोप्या, म्हणजे घामाचा डाग पडायला नको. पूर्ण हातमोजे घातले की इतकं बारीक काम जमत नाही, म्हणून फक्त टोप्या.

थंडीच्या दिवसांत तक्रारी यायला लागल्या. कारखान्यातून ठणठणीत गेलेली यंत्रं महिन्याभरात मुकी होऊन परत येत होती. चिप बनवणाऱ्यांनी त्यांतल्या चिप फोडून पाहिल्या आणि कळवलं, की आत सुईच्या टोकाहून बारीक जळके ठिपके आहेत. स्टॅटिकचा झटका बसलाय. आणि परत आलेल्या बहुतेक यंत्रांवर एकाच टेबलाचा नंबर होता: खिडकीकडच्या कोपऱ्यात बसणाऱ्या गाणाऱ्या बाईचा.

तिला गाणारी म्हणायचे, कारण मास्कच्या आड ती दिवसभर गुणगुणायची. हात मात्र यंत्रासारखा स्थिर.

"ती पट्टा काढून काम करत असणार," मॅनेजर म्हणाले. "सोमवारपासून तिला पॅकिंगला पाठवतो."

"पट्टा रोज सकाळी यंत्रावर तपासला जातो, साहेब. तिची एकही सकाळ चुकलेली नाही. वहीत बघा."

"सकाळी घातला, दुपारी काढला. वही काय सांगणार?"

"मी तिच्या शेजारी बसते. मी सांगते ना!" भिंगताईचा आवाज चढला. "चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नका. मला सोमवारपर्यंत वेळ द्या. चोर मी शोधून देते."

बोलून तर बसली. पण तिला धाकधूक अशी नव्हतीच. तिचा हिशेब साधा होता: बाई बदलली नाही, टेबल बदललं नाही, पट्टा बदलला नाही. मग काहीतरी बदललंय, जे आपण बघत नाही.

तिने परत आलेली यंत्रं बनवल्याच्या तारखा कागदावर ओळीने मांडल्या. सगळ्यात जुनी तारीख साडेतीन महिन्यांपूर्वीची होती. त्याच आठवड्यात स्टोअरमधून काय काय नवं आलं, ते विचारायला ती गेली. स्टोअरकीपरने वही चाळली. "सोल्डर जुनंच. चिमटे जुनेच. हां, तुमच्या बोटांच्या टोप्या बदलल्या की. पांढऱ्या कंपनीने बनवायच्याच बंद केल्या, गुलाबी आल्या."

खोक्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'स्टॅटिकपासून सुरक्षित'. खोक्याच्या बुडाशी मुंगीच्या पावलांएवढी ओळ होती. भिंगताईने खिशातलं भिंग काढलं. हवेत निम्मा ओलावा असताना केलेली चाचणी, असं तिथे लिहिलं होतं.

ती खोकं घेऊन तडक क्लीनरूममध्ये परतली आणि भिंतीवरचं ओलाव्याचं मीटर हातात घेऊन टेबलाटेबलाने फिरली. दाराशी काटा चाळीस टक्क्यांच्या आसपास होता. कोपऱ्यात, गाणाऱ्या बाईच्या डोक्यावर गरम हवेची जाळी होती. तिथे तो बावीसवर उतरला. गुलाबी रबरावर जे औषध चोपडलेलं असतं, ते हवेतला ओलावा धरून वीज वाहून नेतं. ओलावाच नसेल तर ती टोपी म्हणजे नुसतं रबर. मनगटाला पट्टा असून उपयोग काय? बोटाचं टोक त्या टोपीने तोडून वेगळंच ठेवलेलं!

चोर सापडला. ती खूश होऊन खोकं स्टोअरमध्ये परत ठेवायला गेली, तेव्हा स्टोअरकीपर सहज म्हणाला, "पण ताई, ह्या टोप्या तर तुम्हीच पास केल्या होत्या."

मंजुरीच्या कागदावर तिची सही होती. तिला आठवलं. परचेसवाले साहेब नमुना घेऊन आले होते, तिने टोपी बोटावर चढवली, मऊ लागली, घट्ट नव्हती, पावडर नव्हती. 'छान आहे,' म्हणाली आणि सही ठोकली. मीटर लावलंच नव्हतं.

त्या संध्याकाळी घरी ती नणंदेबरोबर चादरींच्या घड्या घालत होती. दोघी एकाच घरात पंचवीस वर्षं राहिलेल्या. भांडून दमल्या आणि मैत्रिणी झाल्या. नणंदेने दोनदा विचारलं, तेव्हा तिने सगळं सांगितलं.

"म्हणजे हात दाखवून अवलक्षण," भिंगताई म्हणाली. "मीच चोर शोधायला निघाले आणि चोराचं घर माझंच निघालं."

"कागद कुणी पाहिलाय?"

"स्टोअरकीपरने. तो बोलायचा नाही."

नणंदेने चादरीचं टोक तिच्या हातात दिलं. "हे बघ वहिनी, तू आपणहून सांगितलंस तर ती चूक. दुसऱ्याने सांगितलं तर लपवाछपवी. पुढे तुझी मर्जी."

"मर्जी कसली? सांगणारच आहे. फक्त आज जरा वाईट वाटून घेऊ दे."

सोमवारी मॅनेजरच्या खोलीत ती उभी राहिली. परचेसवाले साहेब होते, गाणारी बाई दाराशी अंग चोरून उभी होती. भिंगताईने तारखांचा कागद, खोकं आणि मंजुरीचा कागद, तिन्ही टेबलावर ठेवली.

"ही सही माझी. मी टोपी बोटाला लावून पाहिली, मीटरला लावली नाही. हिची काही चूक नाही."

मॅनेजरनी सहीचा कागद उचलून वाचला. मग परचेसवाले म्हणाले, "पण गुलाबी म्हणजे स्टॅटिकवालीच असते ना? सगळे तेच घेतात."

"रंगाला वीज कळत नाही, साहेब. चला, दाखवते."

चाचणीच्या खोलीत एक धातूची तबकडी होती. तिच्यावर हजार व्होल्ट चढवायचे, पट्टा बांधलेल्या माणसाने टोपी घातलेलं बोट टेकवायचं आणि आकडा किती झटकन शंभराखाली येतो ते पाहायचं. भिंगताईने ते सगळं कोपऱ्यातल्या टेबलावर, त्याच जाळीखाली मांडायला लावलं. गाणाऱ्या बाईने गुलाबी टोपीचं बोट टेकवलं. हजार. नऊशे चाळीस. नऊशे. आकडा रेंगाळत राहिला. मॅनेजरनी दोनदा घड्याळ पाहिलं.

"आता नुसतं बोट," भिंगताई म्हणाली.

पापणी लवायच्या आत आकडा शून्यावर आला.

मॅनेजर गाणाऱ्या बाईकडे वळले. "मी घाई केली. तुम्ही इथेच बसायचं." मग भिंगताईकडे पाहून म्हणाले, "आणि नव्या टोप्या तुम्हीच निवडायच्या. नीट वेळ घेऊन."

परचेसवाल्यांनी पाच कंपन्यांचे नमुने मागवले. ह्या वेळी तिने घाई केली नाही. प्रत्येक टोपी ती सर्वांत कोरड्या कोपऱ्यात मोजायची. एकदा नवीकोरी, एकदा चार तास घातल्यावर, एकदा स्पिरिटने पुसल्यावर. एक जात पुसली की निकामी व्हायची; औषध वरवरचं होतं. कार्बनवाली काळी टोपी मीटरवर सगळ्यांत सरस ठरली, परचेसवाल्यांनी तर हुश्श केलं. पण भिंगाखाली सर्किटवर काळे ओरखडे दिसले.

"आगीतून फुफाट्यात," म्हणत तिने ती बाजूला सारली.

शेवटी उरली नायट्राइलची पांढरी टोपी. तिच्या रबराच्या अंगातच वीज हळूहळू वाहून न्यायचा गुण होता, औषध चोपडावं लागत नव्हतं. दिवसभर वापरून, पुसूनही आकडा खाली यायला अर्धा सेकंद पुरायचा. पण दुपारपर्यंत जाड बोटांच्या दोघींची टोकं बधिर झाली आणि बारीक बोटांच्या एकीची टोपी सर्किटवरच गळून पडली.

"एकच माप घेऊ, सोपं पडतं," परचेसवाले म्हणाले.

"पाचही बोटं सारखी नसतात, हे मी सांगायला हवं का?"

तीन मापं आली. अंगठ्याला मोठं, बोटांना आपापलं. गरम हवेची जाळीही टेबलावरून हलवली आणि हवेत ओलावा सोडणारं बिघडलेलं यंत्र दुरुस्त करून घेतलं. नव्या टोप्यांनी केलेल्या पहिल्या तीन महिन्यांच्या मालातून स्टॅटिकने मेलेलं एकच यंत्र परत आलं. त्या एकाचाही छडा लावायचाच, असं भिंगताईने ठरवलं आणि लावला: कुणीतरी जुन्या खोक्यातल्या उरलेल्या गुलाबी टोप्या वापरल्या होत्या. तिने ते खोकं स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकलं.

मंजुरीच्या कागदाचा नमुनाही तिने बदलून घेतला. सहीच्या वर आता चार रकाने आहेत: ओलावा किती, नवी असताना आकडा, वापरल्यावर आकडा, पुसल्यावर आकडा. ते भरल्याशिवाय सही करता येत नाही, तिलासुद्धा नाही.

परवा एक विक्रेता चकचकीत निळ्या टोप्या घेऊन आला. सगळीकडे ह्याच चालतात, म्हणाला. परचेसवाल्यांनी त्याला खुर्चीही न देता थेट गरम हवेच्या जाळीखाली मांडलेल्या चाचणीच्या टेबलाशी आणलं. भिंगताईने तबकडीवर हजार व्होल्ट चढवले आणि पट्टा त्याच्या मनगटाला बांधला.

"घाला तुमच्या बोटात," ती म्हणाली. "बघू काय म्हणते ही तबकडी."