ओट्यावरचे मधाचे लाडू

सेलूच्या आमच्या घरामागं परसबाग होती. लाल भोपळ्याचा वेल कुंपणावर चढायचा, फुलांनी भरायचा, इवली फळं धरायची आणि पिवळी पडून गळायची. सासरे दर आठवड्याला वेलावर कीडनाशक पावडर मारायचे. ते पौरोहित्य करायचे. बागही पूजेइतक्याच नेमानं सांभाळायचे.

मी वालूरच्या शाळेत शिक्षिका होते. एसटीत माझ्या शेजारी बसणाऱ्या बाई त्याच शाळेत गणित शिकवायच्या. त्या जवळच्या एका खेड्यातल्या, बौद्ध वस्तीतल्या. एका रविवारी त्या घरी आल्या, गळलेली फळं बघितली आणि म्हणाल्या, "बाई, तुमच्याकडं मधमाशाच न्हाईत, मग फळ टिकंल कसं? येतील कशा? पावडरीनं मरायल्यात."

त्या दिवशी मी पावडरीचा डबा उचलून बाहेर टाकला. सासरे दोन वेळा जेवले नाहीत. मी शेपू आणि कोथिंबीर उपटली नाही, फुलू दिली. तुळशीच्या मंजिऱ्या खुडायचं सोडलं, तेव्हा ते म्हणाले, "सूनबाई, तुळस वाळंल." मी म्हटलं, "मामंजी, एका बाजूच्या तुमी खुडा, एका बाजूच्या राहू द्या." जुन्या परातीत खडे टाकून पाणी ठेवलं, म्हणजे माशा खड्यावर बसून पाणी पितील, बुडणार नाहीत. तडा गेलेला रांजण सावलीत आडवा करून ठेवला. थंडी सरता सरता एक दिवस शाळेतून आले तर रांजणात घोंघाट चाललेला. सातेरी माशांनी घर केलं होतं.

वैशाखात बाईंनी आणि मी मध काढला. सासरे तेव्हा परभणीला थोरल्या दिरांकडं होते. गोवरीचा हलका धूर दिला. बाईंनी सुरीनं पोळ्याची मधाची कड तेवढी कापली. "अंड्या-पिल्लांचा भाग तसाच ठेवायचा. अन् मधही सगळा न्यायचा न्हाई, पावसाळ्यात त्या काय खातील?" माझ्या मनगटाला दोन डंख बसले, त्यांच्या कपाळाला एक. आम्ही दोघी हसत होतो. फडक्यातून गाळून बरणी भरली.

परत आल्यावर सासऱ्यांनी तो मध चाखला आणि डोळे मिटले. "बाजारात निस्ता गुळाचा पाक मिळतो. हा खरा." मग ते पूजेला जाताना छोटी बाटली भरून न्यायला लागले. कुणी काढला हे त्यांनी विचारलं नाही. मला ते सांगण्यासारखं काही वाटलंही नव्हतं.

आषाढात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. शाळा बंद झाल्या. बाईंच्या गावात वस्तीतली घरं जाळली, त्यात त्यांच्या भावाचं घर गेलं. त्या भावाच्या लेकरांना घेऊन सेलूत एका नातेवाइकाकडं आल्या. आमच्या गल्लीत माणसं ओट्यावर बसून जे बोलत होती ते मी इथं लिहीत नाही. माझे यजमान कचेरीतून येऊन गप्प जेवायचे.

श्रावण लागला आणि बाई आमच्या दारात आल्या. शाळा कधी उघडणार, एवढंच विचारायला. सासरे उठून उंबऱ्यात उभे राहिले. "जे काय आहे ते तिथूनच बोला," म्हणाले. एरवी याच बाईंना ते आत बसवायचे, हिशेबाच्या शिक्षिका म्हणून मान द्यायचे. मी पाणी घेऊन आले तर म्हणाले, "तो पेला नको. दुसरा आण."

मी तोच पेला बाईंच्या हातात दिला. मग सासऱ्यांकडं वळून म्हटलं, "मामंजी, तुमच्या पंचामृतातला मध यांनी काढलाय. वैशाखापासून तुमी तोच न्यायलात."

ते पांढरे पडले. बाई गेल्यावर त्यांनी मला स्वयंपाकघरात गाठलं. आवाज अगदी खाली आणला. "ती बरणी फेकून दे. अन् हे कोनाला बोलू नको. किती घरच्या पूजा झाल्यात त्या मधावर."

"फेकणार न्हाई. माशा इथल्या वस्तीवरच्या लिंबावर बसतात अन् तुमच्या तुळशीवरही. त्यातला कोणता थेंब फेकू, सांगा. आणि मी लपवणारही न्हाई. कुणी विचारलं तर सांगणार."

"मला पोट आहे, सूनबाई."

"त्यांच्या भावाच्या लेकरांनाही आहे."

नागपंचमीला मी ज्वारीच्या लाह्या फोडल्या, त्यांचं पीठ केलं. कढईत तूप घालून ते परतलं, भाजलेले तीळ आणि वेलदोडा टाकला. कढई उतरवून पीठ कोमट होईपर्यंत थांबले. मध आचेवर चढवायचा नाही, हे मला सासऱ्यांनीच शिकवलं होतं. मग बरणीतला मध ओतून लाडू वळले आणि बाईंना निरोप धाडला.

त्या आल्या. मी म्हटलं, "चला, आत बसू."

बाई म्हणाल्या, "आत न्हाई. आत खाल्लेलं कोनाला दिसतंय? इथं ओट्यावर बसू."

आम्ही रस्त्याकडं तोंड करून बसलो. समोरच्या घराच्या खिडक्या उघडल्या. पंचमीच्या झोक्यावरून येणाऱ्या बायका थबकल्या. बाई सावकाश खात होत्या, पदरावर सांडलेले तीळ वेचून तेही खात होत्या. मला भीती वाटत नव्हती असं नाही. माझी बोटं चिकट झाली होती, तरी मी दुसरा लाडू उचलला. तेवढ्यात यजमान कचेरीतून आले. त्यांनी आमच्याकडं बघितलं, रस्त्याकडं बघितलं, चपला काढल्या आणि ओट्यावर बसून म्हणाले, "मला एक द्या." लग्नानंतर त्यांनी इतक्या लोकांसमोर माझी बाजू घेतल्याची ती पहिली वेळ.

दुसऱ्या दिवशी सासरे परभणीला निघून गेले. काही घरांनी त्यांना पूजेला बोलावणं बंद केलं, काहींनी ते परतल्यावर पुन्हा बोलावलं. गल्लीतल्या दोन बायकांनी हळदीकुंकवाला माझं नाव गाळलं. मी त्यांच्या दारावरून रोज ताठ मानेनं एसटीला गेले. कुणीतरी रांजणावर रॉकेल ओतायला येईल म्हणून यजमानांनी कुंपणाला काटे लावले. कुणी आलं नाही.

दिवाळीला सासरे परतले. पूजेला ते बाजारचा मध वापरायचे, माझ्या बरणीला शेवटपर्यंत हात लावला नाही. मी त्यांना पुन्हा समजावायला गेले नाही. त्या हिवाळ्यात वेलाला इतके भोपळे लागले की कुंपण वाकलं. त्या भोपळ्याचे घारगे मात्र ते मागून घ्यायचे.

पुढच्या वर्षी बाईंच्या भावानं जळालेल्या जागेवर नव्यानं भिंती उभ्या केल्या. बाईंनी त्यातल्या एका भिंतीत बाहेरून कोनाडा ठेवून घेतला, त्याला फळी लावली, फळीला माशांपुरतं भोक पाडलं. वासानं माशा याव्यात म्हणून आतून चोळायला मेण आमच्या रांजणातून नेलं. गावातला एक जण त्यांना म्हणाला, इथं आता पुन्हा कशाला घर मांडता. बाईंनी मला एसटीत ते सांगितलं.

"मग तुमी काय म्हणाल्या?"

"म्हटलं, मांडलंय."