डोळे आलेली बाळंतीण

मुलगा झाल्यावर रडायची आमच्याकडे सोय नव्हती. मुलगी झाली असती तर चार दिवस हक्कानं रडून घेता आलं असतं, शेजारणींनी साथही दिली असती. पण मला पहिल्याच खेपेला मुलगा झाला, तोही चांगला गुटगुटीत, घसा फाडून रडणारा. "आता आनि काय पायजे तुला?" असं जी येईल ती विचारायची. मला काय पाहिजे ते मला ठाऊक असतं तर मी रडले कशाला असते?

दुष्काळाचं साल नुकतंच मागं पडलं होतं. माझं माहेर कोरेगावजवळ आणि सासर आष्ट्याकडं. नवरा फौजेत, कुठल्याशा बर्फाच्या ठाण्यावर. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणं माहेरी. अंधाऱ्या खोलीत बाज, बाजेखाली शेगडी, माझ्या कानाला फडकं आणि उशाखाली विळा, असा सगळा बंदोबस्त होता. वाचायला बंदी, कारण बाळंतिणीनं वाचलं की डोळे जातात. त्यामुळे मी अकरावी पास असूनही नवऱ्याची पत्रं मला वडील वाचून दाखवत. मधली दोन-तीन वाक्यं ते खोकून टाळत. नेमकी तीच मला ऐकायची असत.

तिसऱ्या दिवसापासून मला रडू फुटायला लागलं. शेपूची भाजी बघून रडू, दाराची कडी वाजली की रडू. पोर रडलं की मी रडे आणि ते गप्प झालं तरी माझं चालूच. झोप उडाली. पण सगळ्यांत वाईट वेगळंच होतं. पोराकडे बघून मला काहीच वाटत नव्हतं. पाव्हण्यांचं पोर कुणीतरी माझ्या कुशीत ठेवून बाजाराला गेलंय आणि ते परत येईपर्यंत मला सांभाळायचंय, एवढंच वाटे. सगळ्या बायकांना देवानं जे घातलं ते माझ्यात घालायचं राहून गेलं, अशी माझी खात्री झाली. हे बोलायचं कुणाजवळ? मला फार भीती वाटायची.

पाचवीच्या पूजेला बायका जमल्या. पाटा-वरवंटा मांडला, हळद-कुंकू वाहिलं, मला हात जोडायला लावले आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी टपाटपा पाट्यावर पडायला लागलं. हळदीचा ओघळ झाला. एक म्हातारी पुढं सरकून म्हणाली, "का गं पोरी? सटवाईम्होरं रडतीस व्हय?"

"रडती कुटं?" आई पापणीही न हलवता म्हणाली. "डोळं आल्यात तिचं."

थाप इतकी सफाईदार होती की क्षणभर माझाही विश्वास बसला. बायका गेल्यावर आईनं दार लोटलं आणि मला खडसावलं. "आष्ट्याला कळलं तर म्हनतील, येडी पोर आमच्या गळ्यात बांधली. न्यायला कोन यायचं न्हाई मग. बसशील हितं जलमभर." हे काही उगीच नव्हतं. आमच्याच आळीत एक बाई बाळंतपणानंतर "बिघडली" म्हणून माहेरी धाडलेली होती. दहा वर्षं ती भावाच्या घरी दळत होती, आणि तिचं मूल सासरी वाढत होतं. पण त्या थापेचा मला राग आला तो आलाच. माझं काय दुखतंय हे विचारायच्या आधी आईनं ते झाकून टाकलं होतं.

आता डोळे आले म्हटल्यावर गाव स्वस्थ बसतंय होय? पहिल्या दिवशी तुरटीचं पाणी आलं. दुसऱ्या दिवशी कोथिंबिरीचा रस. तिसऱ्या दिवशी हळदीत भिजवलेलं पिवळं फडकं, आणि "घडीघडीला पूस" अशी ताकीद. एकीनं माझंच दूध माझ्या डोळ्यांत घालायला लावलं. आमच्याकडे कुणाचे डोळे आले की बाळंतिणीच्या घरी वाटी घेऊन येतात, थेंबभर दूध मागायला. त्या आठवड्यातही एक जण आली. बाळंतिणीचेच डोळे आलेत हे कळल्यावर ती रिकामी वाटी पदराआड धरून अशी पळाली की चपला आमच्याच दारात राहिल्या. या सगळ्या उपचारांनी तीन-चार दिवसांतच माझे डोळे खरोखरच लालभडक झाले. आई निश्चिंत झाली. म्हणाली, "आता कुनी बी बगूद्यात."

वडिलांनी सायकलवरून कोरेगावचा डॉक्टर आणला. त्यानं बॅटरी मारून पाहिलं आणि चक्रावून विचारलं, "डोळ्यांत काय काय घातलंय?" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "झोप लागते का? भूक?" नेमकं दार ठोठावलं होतं बिचाऱ्यानं. पण माझं तोंड उघडायच्या आत आईनं उत्तर दिलं, "लागती की. चार-चार लाडू खाती." लाडू मी कोनाड्यातल्या गाडग्यात साठवत होते आणि मुंग्या खात होत्या. डॉक्टर लाल औषधाची बाटली देऊन निघून गेला. जाताना म्हणाला, "जरा बाहेर उजेडात बसवा हिला." त्यावर घरातल्या बायका त्याच्या अकलेवर दोन दिवस हसत होत्या.

राहता राहिलं सासर. बारशाला सासूबाई येणार, म्हणजे सगळं उघडं पडणार. म्हणून पाचवीच्या दुसऱ्याच दिवशी आईनं वडिलांकडून कार्ड लिहून घेतलं होतं: मुलीचे डोळे आले आहेत, लागण होऊ नये म्हणून बारसे सव्वा महिन्यावर ढकलत आहोत, काळजी नसावी. झकास बेत होता. फक्त माझ्या सासूबाईंना आई ओळखत नव्हती.

कार्ड टाकल्याच्या चौथ्या दिवशी दुपारच्या एस्टीनं सासूबाई हजर. डोक्यावर बोचकं, एका हातात काकवीचा डबा आणि दुसऱ्या हातात काळा चष्मा. नवऱ्यानं सुट्टीवर येताना फौजेच्या कॅन्टीनमधून आणलेला तो चष्मा होता, मोटरसायकलवाले लावतात तसला, अर्धं तोंड झाकणारा. "डोळं आलं तर उजेड सोसत न्हाई," त्या उंबऱ्यातूनच म्हणाल्या. "म्हनून आनला. बगू कुटं हाय सून."

आईचं तोंड पांढरं पडलं. सासूबाई आत आल्या, बाजेवर बसल्या, अंगठ्यानं माझी पापणी वर केली, मग दुसरी. कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग दारात उभ्या असलेल्या आईला म्हणाल्या, "इनबाई, चाचं बगता का जरा?" आई गेली. सासूबाईंनी आवाज खाली आणला. आयुष्यात त्यांनी आवाज खाली आणलेला मी तेव्हाच पाहिला.

"कवापास्नं रडतीस?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सगळं सांगून टाकलं. "आत्याबाई, मला ह्येचं काय वाटतच न्हाई. शेजाऱ्याचं प्वार असल्यागत वाटतंय." म्हटलं, झालं. आता बोचकं उचलून, पोर घेऊन ही बाई संध्याकाळची एस्टी धरणार.

त्यांनी पोर उचललं, मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "मग घाई काय हाय? आडसाली ऊस अठरा म्हैनं उभा ऱ्हातो रानात. तुला दा दिवसात आई व्हयाचंय व्हय?" आणि मग सहज, भाजीचा भाव सांगावा तसं: "तुझा नवरा झाला तवा म्या त्येला फडक्यात गुंडाळून भावजयीच्या मांडीवर ठिवला आन म्हनलं, घिऊन जा ह्येला. दोन म्हैनं तिनंच पाजला. आता बग, सुट्टीवर आला की पयलं माज्या पाया पडतो का न्हाई?"

सहा फुटी, मिशाळ जवान गाठोडं करून देऊन टाकलेला डोळ्यांपुढं आला. मला हसू आलं. दहा दिवसांतलं पहिलं.

बारसं ठरल्या दिवशी झालं. मी नवं लुगडं नेसून, कपाळभर कुंकू लावून, काळा चष्मा घालून पोर मांडीवर घेऊन बसले. पाळण्याभोवतीच्या बायका गाणं विसरून माझ्याकडेच बघत होत्या. चष्म्याखालून पाणी हनुवटीपर्यंत यायचं. सासूबाई ते पदरानं टिपायच्या आणि जमलेल्यांना सांगायच्या, "डोळ्याचं पानी हाय, लांब ऱ्हावा." चष्म्याआड कुणाला न भिता रडता येतं, हा शोध मला तेव्हा लागला.

बारसं उरकलं तरी सासूबाई गेल्या नाहीत. मुलीची सासू व्याह्याच्या घरी मुक्काम ठोकून बसली, असं आमच्या पंचक्रोशीत कुणी ऐकलं नव्हतं. विहिणीचा मान म्हणजे रोज ताटात गोड पदार्थ, रोज हात धुवायला कुणीतरी तांब्या घेऊन उभं, आणि काम म्हणून तिला करू द्यायचं नाही. तीन आठवड्यांत आई वाळून गेली. वडील गूळ आणून आणून थकले आणि एकदा गोठ्यात म्हशीला म्हणाले, "ही जानार कवा गं?"

कामाला हात लावायचा नाही, तरी एक काम सासूबाईंनी हिसकावून घेतलं: सकाळी माझ्या अंघोळीचं पाणी तापवायचं. न्हाणीच्या चुलीवर हंडा चढवायचा, मला फडकं बांधून शेजारी बसवायचं आणि सांगायचं, "पानी तापस्तवर बोल. काय वाटतंय ते बोल. तापलं की बंद." मी बोलायची. पोर हातातून पडेल असं वाटतं. ते मेलं तर बरं, असं एकदा मनात आलं. मीच कुठंतरी निघून जावं, असं रोज येतं. त्या चुलीत पाचट सारत "हां" म्हणायच्या. दचकल्या नाहीत, देवाचं नाव घेतलं नाही, शहाणपण शिकवलं नाही. पण मी निघून जायचं बोलले त्या दिवसापासून न्हाणीपर्यंतसुद्धा मला एकटीला जाऊ दिलं नाही. आणि पाणी उकळायला आलं, पण माझं सांगून झालं नसलं, की त्या उठून हंड्यात गार पाण्याची आणखी एक कळशी ओतायच्या. कधी कधी माझी अंघोळ दुपारी व्हायची. आई म्हणायची, "ह्यास्नी पानी बी तापवाया येत न्हाई."

महिना होत आला असेल. एक शेजारीण पोर बघायला आली. बघून म्हणाली, "नाक लय बसकं हाय गं, बापावानी."

"आधी तुझं बग की आरशात!" मी ताडकन म्हणाले. "माज्या पोराच्या नाकाला नावं ठिवाया आलीस व्हय? ऊठ!"

ती उठलीच. मी पोराला छातीशी धरून बसले होते, आणि त्याचं ते बसकं नाक मला जगात सगळ्यांत देखणं वाटत होतं. सासूबाई ओसरीवर सुपारी कातरत होत्या. त्या आत आल्या, माझ्या तोंडावरचा चष्मा काढून घेतला आणि घडी घालून कमरेला खोचला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस्टीनं गेल्या. वडिलांनी म्हशीला पेंड जास्त घातली.

सगळं एका दिवसात बरं झालं असं नाही. नंतरही रडायचे, पण आता मला ठाऊक होतं की हे तापासारखं चढतं आणि उतरतं.

चष्म्याची मात्र कीर्ती झाली. कुणाची सून, कुणाची लेक बाळंत होऊन "डोळे आले" की सासूबाईंना निरोप यायचा. चष्मा कुंडलला गेला, सांगलीलाही जाऊन आला. चष्म्याबरोबर सासूबाई जायच्या आणि पाणी तापवून यायच्या. त्याची एक काडी मोडली, तिला दोरा बांधला. पुढं त्यांचे गुडघे धरले तसं हे खातं माझ्याकडे आलं.

दशक सरता सरता माहेराहून कार्ड आलं. धाकट्या बहिणीचे डोळे आले आहेत. या खेपेला खाली आईनं वडिलांकडून एक ओळ जास्त लिहून घेतली होती: चष्मा घेऊन लवकर ये.

मी गेले. सकाळी न्हाणीच्या चुलीवर हंडा चढवला. बहीण अजून उठायची होती. आई येऊन माझ्याजवळ टेकली. तिनं तो चष्मा हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला, दोरा चाचपला आणि हळूच स्वतःच्या डोळ्यांवर चढवला. मला हसू आलं. हसता हसता मी कित्येक वर्षं मनात ठेवलेलं विचारलं, "आये, तवा ती थाप तुला इतक्या झटक्यात सुचली कशी गं?"

"सुचतीया कुटं," आई चुलीकडे बघत म्हणाली. "तुज्या येळंला माज्या आईनं हीच मारलीती."

माझ्या वेळेला. म्हणजे तेव्हा आईच्या मांडीवरची पोर मीच होते.

"मग तुला कुनी..." मी म्हणाले.

"मला कोन? पदर हुता." चष्म्याखालून एक थेंब तिच्या गालावर आला आणि तिनं तो पुसला नाही. "तुला घ्यावं वाटत नव्हतं बग मला. लय दिस वाटलं न्हाई. कुनाला सांगितलं न्हाई कवा."

हंड्यातलं पाणी सळसळायला लागलं होतं. मी उठले आणि त्यात गार पाण्याची कळशी ओतली.