वात्रटाची शिट्टी

हळूरावांना आयुष्यात कुणाला 'निघा आता' असं म्हणता आलं नाही. घरी आलेला पाहुणा जांभया देऊ लागला, तरी हे त्याला विचारत, "आणि मग थोरल्या मेहुण्यांच्या त्या गुडघ्याचं काय झालं?" आतून बायको भांडं आपटून सूचना देई. ती पाहुण्याला कळे, यांना कळत नसे. शेवटी तीच बाहेर येऊन पाहुण्याच्या हातात त्याची पिशवी ठेवी आणि वर म्हणे, "बसा की हो, एवढी काय घाई?"

आणि नोकरी कसली मिळाली, तर चालू असलेल्यांना घालवायची! अशा माणसावर एक दिवस स्वतःच्या मित्राला घालवायची पाळी आली. मित्राला जाऊन बरीच वर्षं झाली होती, हीच त्यातली अडचण होती.

हळूराव पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कॉम्प्युटर ऑपरेटर होते. गावातल्या टाक्या किती भरल्या, कुठला पंप चालू, कुठला बंद, हे सगळं तळमजल्यावरच्या एका खोलीतल्या मशीनला कळायचं. मशीन कपाटाएवढं. त्याला उकडू नये म्हणून खोली गार ठेवलेली. त्यामुळे उन्हाळ्यात कचेरीतल्या प्रत्येकाला 'आमच्या टाकीचं काय झालं' हे जातीनं येऊन विचारावंसं वाटे. पाणी थांबत नाही, म्हणून मशीनही थांबत नसे. वीज गेली तर बॅटऱ्या, बॅटऱ्या दमल्या तर अंगणातला जनरेटर. मशीनच्या पोटात एकाच वेळी पुष्कळ प्रोग्राम नांदत असत, आणि भरल्या घरात होतं तसं एखादा मधेच रुसून बसे. पुढे सरकत नाही, बाजूला होत नाही, दुसऱ्यालाही काही करू देत नाही. त्याला उठवून बाहेर काढणं हे हळूरावांचं काम.

बाहेर काढायच्या रीती दोन. एक म्हणजे निरोप पाठवायचा, की बाबा, आटोपतं घे. शहाणा प्रोग्राम हा निरोप ऐकतो, हातातली नोंद पुरी करतो, उघडलेल्या फायली मिटतो, आपली भांडीकुंडी आवरतो आणि आपल्या पायांनी जातो. जाताना 'येतो हं' अशी एखादी ओळही पडद्यावर लिहितो. दुसरी रीत म्हणजे बखोट धरून बाहेर. यात निरोप-बिरोप काही नाही. मशीनच त्याला उचलतं. वाक्य अर्धं असेल तर अर्धंच राहतं. पहिल्या निरोपाला काय उत्तर द्यायचं हे प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या हातात असतं. वाटल्यास तो कानात बोळे घालून बसू शकतो. दुसऱ्या रीतीपुढे मात्र कुणाचं काही चालत नाही.

हळूराव अर्थातच पहिल्या रीतीचे. निरोप पाठवायचे आणि हाताची घडी घालून पडद्याकडे बघत बसायचे. पुन्हा निरोप. पुन्हा घडी.

"हळ्या, अरे तो प्रोग्राम आहे, जावई नाही!" शेजारच्या खुर्चीतून वात्रट ओरडायचा.

हा दुसरा ऑपरेटर. खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं ऐकू येई, एरवी सगळी कचेरी त्याला वात्रटच म्हणे, आणि साहेबसुद्धा रागावले की "वात्रट, आत या" म्हणत. काटकुळा, अंगात निवांतपणाचा थेंब नाही, चहा उभ्यानं पिणार. अडकलेला प्रोग्राम दिसला की थेट बखोटीला हात.

"लिहीत असेल रे काहीतरी," हळूराव म्हणत.

"काय लिहितोय, मृत्युपत्र?"

एकदा मात्र वात्रटाची ही घाई सगळ्या गावाला भोवली. टाक्यांची पातळी लिहिणारा प्रोग्राम लिहिण्याआधी आपल्या फायलीला आतून कडी लावून घेत असे, म्हणजे मधेच दुसरं कुणी ढवळाढवळ करू नये. वात्रटानं त्याला नेमका त्याच वेळी उचलला. प्रोग्राम गेला, कडी तशीच! नवा प्रोग्राम आला, दार बंद बघितलं आणि आत कुणीतरी आहे असं समजून शिस्तीत बाहेर उभा राहिला. आत कोण असणार? सकाळभर पडद्यावर टेकडीवरची टाकी काठोकाठ दिसत होती आणि टेकडीवरची माणसं बादल्या घेऊन कचेरीच्या फाटकात उभी होती. एक आजीबाई तर रिकामी घागर घेऊन थेट मशीनच्या खोलीत आल्या. वात्रटानं त्यांना पडदा दाखवला, "बघा आजी, भरलीय." आजींनी घागर उपडी करून दाखवली. "ही पण बघ."

त्यानंतर वात्रट आठवडाभर निरोप पाठवत होता. मग पुन्हा मूळ स्वभावावर आला.

दोघांचं जमायचं कसं, हे कोडंच होतं. एकाला उठवावं लागे, दुसऱ्याला बसवावं लागे, असं म्हणू या. हळूरावांना जेवणानंतर डुलकी येई. गार खोली, मशीनची एकसुरी घरघर, पोटात डबा. वात्रट आधी त्यांच्या कानाशी कागदाची सुरळी धरून फुंकायचा. मग त्याचाही त्याला कंटाळा आला आणि एके दिवशी त्यानं चिमुकला प्रोग्राम लिहिला. रोज दुपारी, डुलकी रंगात आली की हळूरावांच्या टर्मिनलमधून एक कर्कश शिट्टी निघे आणि पडद्यावर अक्षरं उमटत, 'हळ्या, ऊठ. साहेब आले.' अक्षरं इंग्रजी आणि बोली आपली, कारण त्या मशीनला आपली लिपी येत नव्हती. पहिल्या दिवशी हळूराव दचकून ताडकन उभे राहिले आणि रिकाम्या दाराला नमस्कार करते झाले. वात्रट टेबलाखाली बसून हसत होता.

"बंद कर तो."

"तूच कर. पाठव की निरोप!"

हळूरावांनी पाठवला नाही. खरं सांगायचं तर त्यांना ती शिट्टी आवडू लागली होती.

मग एका सकाळी वात्रट कचेरीत आलाच नाही. बुटाची नाडी बांधायला म्हणून वाकला तो उठलाच नाही, असा घरून फोन आला. कुणी 'आटोपतं घे' म्हणालं नव्हतं, त्यालाही कुणाला काही म्हणायला सवड मिळाली नव्हती. हळूराव त्याच्या घरी जाऊन आले, वहिनींना भेटून आले. सुतक संपवून आल्यासारखे कामावर आले, डबा खाल्ला, डोळे नुसतेच मिटले, आणि शिट्टी वाजली. 'हळ्या, ऊठ. साहेब आले.'

त्या दिवसापासून ती रोज वाजत होती. साहेब बदलले, खुर्च्या बदलल्या, हळूरावांचे केस पांढरे झाले. शिट्टी झाली की ते उठत, तोंडावर पाणी मारत आणि "उठलो रे" म्हणत. नवीन लोकांना वाटे, म्हातारा मशीनशी बोलतो.

आता नवं मशीन आलं. बेताच्या डब्याएवढं, कोपऱ्यात मावणारं. त्याच्याबरोबर नव्या मॅडम आल्या. वयानं हळूरावांच्या मुलीएवढ्या, हुशार, कामाला वाघ आणि बोलायला गोड. टाक्या, पंप सगळं त्यांनी अलगद नव्या मशीनवर नेलं, एक थेंब सांडू न देता. शेवटच्या दिवशी दुपारी त्या म्हणाल्या, "काका, संध्याकाळी भंगारवाले येणार आहेत. जुनं मशीन बंद करू या?"

"एकेक प्रोग्राम बंद करतो," हळूराव म्हणाले.

"त्याची गरज नाही हो. बंद करा म्हटलं की ते स्वतःच सगळ्यांना निरोप देतं, थोडं थांबतं, आणि उरतील त्यांना उचलतं."

"बरोबर आहे तुमचं. पण ओळखीच्या माणसाला शिपायाकरवी बाहेर काढायचं का?"

मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं आणि खुर्ची ओढून शेजारी बसल्या.

एकेक प्रोग्राम आवरून गेला. यादी आखडत आखडत तळाशी वात्रटाचा तेवढा राहिला. हळूरावांनी मॅडमना थोडक्यात सांगितलं, हा कोण ते. मग चष्मा पुसला. इतक्या वर्षांत त्यांनी त्याला एकदाही निरोप धाडला नव्हता. आज धाडला.

पडद्यावर ओळ उमटली. 'कोण, हळ्या? तू मला घालवतोस? आधी स्वतः जागा आहेस का बघ.'

हळूराव खुर्चीत मागे झाले. मॅडमना खुदकन हसू आलं आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला.

"हसा हो," हळूराव म्हणाले. "त्याला हसलेलं आवडायचं." आणि स्वतःच हसायला लागले. निरोप येईल तेव्हा द्यायचं उत्तर त्यानं कधीच लिहून ठेवलं होतं, आणि इतक्या वर्षांनी वात्रट नवीन काहीतरी बोलला होता!

"काका, निरोपाचे आणखीही प्रकार असतात ना? ते बघा की करून."

असतात. एक असतो 'लाइन तुटली' असं सांगणारा. हळूरावांनी तो पाठवला. 'फोन आपटू नकोस. रागावलास की तुझं नाक फुगतं.' हळूरावांचा हात नाकाकडे गेला. दुसरा असतो 'हातातलं सोड' सांगणारा. तोही गेला. 'जात नाही. चहा सांग. विचार करू.'

"सांगू?" मॅडम म्हणाल्या, आणि खरोखरच उठून सांगून आल्या. चहा आला. हळूरावांनी तो उभ्यानं प्यायला. बसून पिणं त्यांना त्या वेळी बरं दिसेना.

आणखी एक निरोप शिल्लक होता, कुणी फारसा वापरत नाही असा. हळूरावांनी तो लिहिला आणि बराच वेळ पाठवलाच नाही. उत्तर आलं की ऐकायचं काही उरणार नव्हतं. मॅडम घड्याळाकडे बघत नव्हत्या, हे त्यांनी पाहिलं. मग पाठवला.

'इथे काय लिहावं सुचत नाही. उद्या लिहितो.'



"आळशी मेला," हळूराव हळूच म्हणाले. "मला म्हणायचा हळ्या."

बाहेर फाटकाशी ट्रकचा हॉर्न वाजला. मॅडम म्हणाल्या, "काका, मी करू का? म्हणजे, तुम्हाला नको असेल तर..."

"नको. माझ्यावर रागावेल तो. तुमच्यावर रागवायला तुमची त्याची ओळख कुठे आहे?"

मग आयुष्यभर जी रीत टाळली ती त्यांनी वापरली. वात्रटाची रीत. बोट बटणावर पडलं. पडद्यावर काहीही उमटलं नाही, नुसता रिकाम्या ओळीवर ठिपका लुकलुकत राहिला. या रीतीत उत्तर येत नाही, हे त्यांना नोकरी लागल्यापासून ठाऊक होतं. तरी ते थांबले होते.

"काही प्रोग्राम घालवले तरी पुन्हा उठतात," ते मॅडमकडे न बघता म्हणाले. "लिहिणाऱ्यानं पाठीमागे पहारेकरी ठेवलेला असतो. गेला की परत सुरू करतो."

"हो, ठेवतात तसं."

"हा मुलखाचा खोडकर. ठेवलाही असेल."

त्यांनी यादी काढली. वरपासून खालपर्यंत बोट लावून वाचली. मशीनचे स्वतःचे चार-दोन प्रोग्राम होते, बाकी कुणी नव्हतं. फाटकाशी पुन्हा हॉर्न झाला. मॅडमनी खिडकीतून भंगारवाल्यांना हातानंच 'थांबा' म्हटलं.

"आहे का, काका?"

"नाही."

मॅडम परत येऊन शेजारच्या खुर्चीत बसल्या.

"अजून एकदा बघा," त्या म्हणाल्या. "सावकाश."