एक जूनच्या दोन काशम्मा

काशम्मा बिराजदारनं म्हणे हप्ते बुडवले, म्हणून बँकेनं तिला क्रेडिट कार्ड नाकारलं. आमच्या सोलापुरात नळाला पाणी चार दिवसांनी येतं, बातमी मात्र रोज येते.

खरं असं, की काशम्मानं जन्मात एकच कर्ज काढलं, बचत गटाचं, आणि तेही मुदतीआधी फेडलं. बँकेच्या कागदावर ती नुसती थकबाकीदार नव्हती. मयत होती.

"मेलेली बाई अर्ज घिऊन आलीया व्हय?" तिनं काउंटरवर विचारलं.

"सिस्टीममध्ये तसं दिसतंय, मावशी," साहेब म्हणाले. "तुमचं सिबिल चांगलंय. पण आमची बँक आणखी एका संस्थेचा रिपोर्ट बघते."

त्या संस्थेचं नाव तिनं तीनदा विचारलं, तिन्ही वेळा विसरली.

कार्ड तिला हवं होतं ते मोटारवाल्या शिलाई मशीनसाठी. तीस वर्षं शाळेचे गणवेश शिवून गुडघे गेलेले. डॉक्टर म्हणाले होते, पायाचं मशीन बंद करा, नाहीतर चालणं बंद होईल. आणि दुकानदार बिनव्याजी हप्ते द्यायला तयार होता, पण फक्त कार्डावर.

पुतण्या राजशेखरनं तो रिपोर्ट मोबाईलवर उतरवून घेतला. फोनवरच्या बाईसारखा गोड आवाज काढून तो वाचू लागला, "काशम्मा बिराजदार. जन्म एक जून एकोणीसशे सत्तर. कर्ज, शिलाई मशीनचं. पत्ता, बसवेश्वर देवळामागं, दुधनी. कर्जदार मयत."

काशम्मा हसत होती. हसता हसता थांबली.

"पत्ता परत वाच."

त्यानं वाचला. या खेपेला साध्या आवाजात.

माहेरच्या गावी, दुधनीच्या शाळेत काशम्मा दोन होत्या. उंच काशी आणि बुटकी काशी. जन्मतारीख कुणाच्याच आईला ठाऊक नव्हती, म्हणून गुरुजींनी अख्ख्या वर्गाला एक जून देऊन टाकली. दोघी गावातल्या सिद्धम्माच्या एकाच मशीनवर शिवण शिकल्या, आणि लग्न होऊन पडल्याही बिराजदारांच्याच घरात, ही सोलापूरच्या, ती अफझलपूरच्या. नवरा गेल्यावर बुटकी काशी माहेरी परतली. "ये की गं एकदा," ती फोनवर म्हणायची. "हंगाम सरू दे, येते," ही म्हणायची. असे आठ हंगाम सरले. पुढं फोनही बंद झाला. नंबर बदलला आसंल, असं ही धरून चालली. दुधनी एसटीनं दोन तासांवर.

"मेली व्हय गं तू," काशम्मा मोबाईलकडं बघत म्हणाली. "आनि मला बँकेनं सांगावं?"

दुरुस्तीचा अर्ज सोपा होता. एकच ओळ छापलेली, खाली सही करायची: 'सदर कर्जदाराशी माझा कोणताही संबंध नाही.'

"कर की सही, काकू," राजशेखर म्हणाला. "महिन्यात कार्ड येतंय."

"संबंध न्हाय कसा? एका पाटीवर लिवायला शिकलो आमी."

"अगं, कर्जाशी संबंध नाही, असा अर्थ!"

"मग तसं लिवा म्हनावं. माझ्या हातानं हे न्हाय व्हायचं."

गल्लीनं तिला येड्यात काढलं. मीही, तिची शेजारीण, तिच्या नकला करून गल्लीला हसवणारी. गणवेशाचा हंगाम तोंडावर आलेला, गुडघा सुजून टम्म. मी तिच्या तोंडावर पैज लावली, आठ दिवसांत त्या छापील ओळीखाली सही करशील. हरले तर तुझी नक्कल जन्मात करणार नाही.

"लाव की," ती म्हणाली.

आठव्या दिवशी तिनं छापलेली ओळ पेनानं खोडली आणि वर लिहिलं: 'ती वेगळी काशम्मा. माझी मैत्रीण. कर्ज तिचं.' खाली सही. 'नमुन्यानुसार नाही' असा शेरा मारून अर्ज परत आला. दुसऱ्याच दिवशी ती पहिल्या एसटीनं दुधनीला गेली, गुडघ्याला फडकं बांधून.

परत आल्यापासून पायाचं मशीन पुन्हा चालू आहे. खट्, खट्, मग थांबतं, ती गुडघा चोळते, मग खट्. मला तो आवाज तंतोतंत काढता येतो. काढत नाही.